‘एक चमचा’ म्हणजे नक्की किती?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मुलाचा ताप : घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा’. दोन्हींवर बोलणार आहे. पण आधी जरा हात वर करा बघू. आत्ता तुमच्या घरी, फ्रिजच्या दारात म्हणा किंवा देवघराशेजारच्या फळीवर म्हणा, तापाच्या औषधाच्या किती बाटल्या आहेत? एक... दोन... तिसऱ्या रांगेतल्या आजी चार बोटं दाखवताहेत. आजी, खरं सांगितलंत, आभार. आता दुसरा प्रश्न. त्यातल्या हाताशी येणाऱ्या बाटलीत पाच मिलिलिटरला किती मिलिग्रॅम औषध आहे?

सगळे हात खाली. तिथूनच सुरुवात करू.

आपल्याकडे तापाचं औषध ‘एक चमचा’ दिलं जातं. शेजारीण विचारते, किती दिलंस? आई सांगते, एक चमचा. फोनवर डॉक्टरांनाही तेच सांगितलं जातं. पण ‘एक चमचा’ हा डोस नाही. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, एका वेळेला किलोमागे १५ मिलिग्रॅम. वयावर नाही. दोन वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करा, एक ९ किलोचं भरेल आणि एक १४ किलोचं.

आता बाटल्या बघा. पॅरासिटामॉलचं सिरप आपल्या बाजारात ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असं मिळतं. त्याच रंगाच्या, त्याच वासाच्या, बहुतेक त्याच नावाच्या बाटलीत २५० मिलिग्रॅमचंही मिळतं. आणि तान्ह्या बाळांसाठी असते ती छोटी ड्रॉप्सची बाटली. ती बाळांची म्हणून सौम्य असणार असं सगळ्यांना वाटतं, आणि तीच सगळ्यांत कडक असते. बहुतेक ड्रॉप्समधे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरला ५०० झाले. बाळाच्या पोटात थोडंच पाणी जावं म्हणून औषध घट्ट केलेलं असतं.

दहा किलोचं मूल धरा, हिशोब सोपा होतो. त्याला लागतात १५० मिलिग्रॅम. १२० च्या बाटलीतून सव्वासहा मिलिलिटर. २५० च्या बाटलीतून तीन. ड्रॉप्समधून फक्त दीड. औषध एकच, मूल एकच, आणि माप चौपट बदललं. आता त्याच मुलाला ‘एक चमचा’, पाच मिलिलिटर, द्या. १२० च्या बाटलीतून दिलं तर चालून जाईल. २५० मधून दिलं तर डोस दीडपटीच्या वर गेला. ड्रॉप्समधून दिलं तर तिपटीहून जास्त. असं दिवसातून चार वेळा दिलं तर दोन हजार मिलिग्रॅम पोटात गेले, आणि दहा किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादा आहे सहाशे. किलोमागे साठ, ही मर्यादा लिहूनच घ्या.

जास्त झालं तर काय होतं? पॅरासिटामॉल यकृतात मोडलं जातं, त्यात थोडा विषारी अंश तयार होतो. तो निवळवायला यकृताकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. नेहमीच्या डोसला तो पुरतो. पण तापात दोन दिवस पोटात काही गेलेलं नाही, उलट्या चालल्यात, अशा मुलाचा साठा आधीच उतरलेला असतो, आणि नेमकं त्याच मुलाला आपण पुन्हा पुन्हा औषध पाजत असतो. फसवणूक अशी की पहिल्या दिवशी मूल बरं दिसतं. फार तर मळमळतं. यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. यावर उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून बाटली चुकली असं लक्षात आलं की मूल खेळतंय म्हणून घरी थांबू नका.

ही झाली जास्तीची चूक. कमीची चूक याहून जास्त घरांत होते. मूल मोठं झालं, वीस किलोचं झालं, शाळेत जायला लागलं, पण बाटली तीच १२० ची आणि चमचाही तोच. म्हणजे किलोमागे सहाच मिलिग्रॅम मिळाले, अर्धासुद्धा डोस नाही. ताप हलत नाही. मग आजोबा म्हणतात, ‘याला हे औषध लागूच पडत नाही, जरा कडक आणा.’ औषधाच्या दुकानातून कडक येतं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड येतं, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं येतं. औषध निकामी नव्हतं हो, माप निकामी होतं!

या कडक औषधांबद्दल जरा थांबून बोलते. निमेसुलाइड एके काळी मुलांना सर्रास पाजलं जायचं. यकृताला धोका म्हणून २०११ मधे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. घरात मोठ्यांची गोळी असेल तर तिचा तुकडा मोडून मुलाला देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही नको. मेफेनॅमिक आणि आयबुप्रोफेन जठराच्या अस्तराला त्रास देतात, प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि अंगात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडावर ताण आणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आपल्याकडे येणारा ताप डेंग्यूचा असू शकतो, आणि डेंग्यूत नेमक्या याच तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. पहिल्या दिवशी डेंग्यू आहे की साधा विषाणूताप, हे कुणालाच हात लावून कळत नाही. म्हणून घरी फक्त पॅरासिटामॉल. बाकीचं डॉक्टरांनी मूल तपासून लिहून दिलं तरच, आणि सहा महिन्यांच्या आत आयबुप्रोफेन नाहीच.

आणखी एक लपलेला डोस असतो सर्दीच्या सिरपात. बऱ्याच सर्दीच्या औषधांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. तापाची बाटली वेगळी, सर्दीची वेगळी, आणि मुलाला डोस मात्र दुप्पट. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन ही सर्दीची जोडी चार वर्षांखाली वापरू नये असं बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मधे सांगितलेलं आहे. ते अक्षर बारीक असतं, पण वाचा.

आता उपाय. घरातला चहाचा चमचा कधी तीन मिलिलिटरचा असतो, कधी सातचा, तेव्हा तो बाजूला ठेवा. बाटलीच्या टोपीवर अडीच-पाचच्या रेघा असतात, पण सव्वासहा किंवा तीन तिच्यात नीट मोजता येत नाही. औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या. औषध ओढा, बुडबुडा वर काढून टाका आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशावर एकदम मारलं तर ठसका लागतो. नाक दाबून पाजू नका, औषध श्वासनलिकेत जातं. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नका. आणि ओढायच्या आधी बाटली हलवा. बरीचशी सिरपं म्हणजे पाण्यात तरंगणारी भुकटी असते. न हलवता दिलं तर पहिले डोस पातळ आणि तळाचे कडक होतात.

वजन घरी कसं करायचं? वजनकाट्यावर आधी बाळाला घेऊन उभ्या राहा, मग एकट्या. वजा करा. अंगणवाडीत तर दर महिन्याला वजन होतंच, कार्डावर लिहिलेलं असतं. मग मार्करने बाटलीवरच लिहा : बाळाचं नाव, वजन, इतके मिलिलिटर, तारीख. वजन बदललं की आकडा बदला. शेजारी कागद चिकटवा आणि प्रत्येक डोसची वेळ लिहा. आईने आठला दिलं, आजीने नऊला, बाबांनी कामावरून आल्यावर दहाला, हे प्रेमापोटी होतं, पण डोस तीन झाले. दोन डोसांत चार तास तरी हवेत, सहा असले तर उत्तम, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. औषध दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर एकदा पुन्हा द्या. नंतर उलटी झाली तर देऊ नका.

आणि त्या औषधाकडून अपेक्षा काय ठेवायची? १०३ चा ताप तासा-दीड तासात १०१ वर आला म्हणजे औषधाने काम केलं. ९८.४ होणार नाही. ताप मेंदूतल्या तापनियंत्रकाने मुद्दाम वर नेलेला असतो, जंतूंशी झुंजायला. मूल १०२ ला खेळत असेल, पाणी पीत असेल तर औषध नाही दिलं तरी चालतं. झोपलेल्या मुलाला तर डोससाठी उठवूच नका. आपण औषध देतो ते थर्मामीटरला बरं वाटावं म्हणून नाही, मुलाला बरं वाटावं म्हणून.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे छापलेला विषय आता भराभर घ्यावा लागेल, लिहून घेणाऱ्यांनी पेन हातात ठेवा.

मोजायचं डिजिटल थर्मामीटरने, काख कोरडी पुसून, हात छातीशी धरून, बीप वाजेपर्यंत. १००.४ आणि वर म्हणजे ताप. कपाळाला हात लावून कळतं ते फक्त ‘गरम लागतंय’ एवढंच. स्वेटर, कानटोपी, गोधडी काढा. एक सुती थर पुरे. हुडहुडी असेल तेवढा वेळ पातळ चादर. बर्फाच्या किंवा मिठाच्या गार पाण्याच्या पट्ट्या नकोत, कोलन वॉटरही नको. गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कापतं आणि कापण्याने आतला ताप वाढतो. पुसायचंच तर कोमट पाण्याने. उन्हात किंवा बंद गाडीत तापलेलं मूल मात्र वेगळं. तो उष्माघात. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, गार पाणी आणि वारा लगेच आणि तसंच दवाखान्यात. अंगावर पिणाऱ्याला जास्त वेळा पाजा. मोठ्याला पेज, वरणाचं पाणी, ताक. जुलाब असतील तर ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात सगळं पाकीट.

झटका आला तर. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात झटके येऊ शकतात, आणि वेळेवर औषध दिलं तरी येऊ शकतात, त्यात आईची चूक नसते. मुलाला कुशीवर करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल, किल्ली यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी पहिला झटका असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आता कधी जायचं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ ताप : लगेच, रात्र असली तरी, औषध देऊन वाट न बघता. त्या वयात अंग गार पडणंही तेवढंच धोक्याचं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, त्याचा डोस सिस्टर सांगतात, तेवढा अपवाद. पण बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त असेल तर लशीचा ताप म्हणून थांबू नका. ‘दात येताहेत’ म्हणूनही थांबू नका, दातांनी १०२ ताप येत नाही.

कुठल्याही वयात : मूल उठवून उठत नाही, सतत किरकिर करून थांबत नाही, मान ताठ, पाजलेलं सगळं उलटतं, आठ तासांत लघवी नाही. श्वास मोजा, मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघून. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. तेवढे किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जात असेल तर निघा. अंगावरच्या लाल-जांभळ्या ठिपक्यांवर काचेचा ग्लास दाबून बघा, ठिपके काचेखालीही तसेच दिसले तर निघा. काहीच लक्षण नसेल तरी तीन दिवस ताप उतरला नाही तर दाखवायचंच, रक्त तपासायची वेळ ती. मलेरिया, टायफॉइड, विदर्भात स्क्रब टायफसही.

आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा धोका सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे ताप गेला आणि पोट दुखायला लागलं, उलट्या, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल, तर ‘ताप गेला, आता बरं आहे’ असं म्हणू नका, त्याच तासाला निघा.

निघताना फाईल सापडली नाही तर राहू द्या. बाटली घ्या, जिच्यातून औषध दिलं तीच, आणि वेळा लिहिलेला तो कागद. डॉक्टरांनी किती दिलं म्हणून विचारलं की बाटली पुढे करा आणि सांगा, याच्यातून इतके मिलिलिटर, शेवटचं इतक्या वाजता.