दादाचं बटण

(दृश्य: जुना टीव्ही. पडद्यावर मुंग्या. चॅनेलचं बटण फिरवल्याचा आवाज.)

मे महिन्याची दुपार. बाहेर ऊन रणरणतंय, घरात पंख्याखाली सतरंजी, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. एक जण मागे वायर हलवतोय, दुसरा समोरून ओरडतोय, "आलं, आलं... गेलं!" मग गेमची कॅसेट काढायची, तिच्या पोटात जोरात फुंकर मारायची आणि दाबून परत बसवायची. चालायची ती काढून नीट बसवल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला.

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम आमच्या घरी आला तो असा. कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो. कॅसेटवर ठसठशीत लिहिलेलं, '९९९९९९ इन १'. आत निघायचे पाच-सहा गेम, तेच तेच, नावं बदलून. त्यात मारिओ असायचाच.

मारिओची गोष्ट काय? राजकन्येला राक्षसाने पळवलंय, तिला सोडवायचंय. बस, एवढीच माहीत होती. पण १९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' विकायला काढला, तेव्हा खोक्यात एक माहितीपुस्तिका होती, आणि तिच्यातली गोष्ट जरा भयंकर आहे. त्या राक्षसाने, बाउझरने काळी जादू केली आणि मशरूम राज्यातल्या गरीब प्रजेचे दगड झाले, विटा झाल्या, झाडंझुडपं झाली. म्हणजे उभी सुट्टी आम्ही डोकं आपटून ज्या विटा फोडत होतो, ती त्या राज्याची माणसं होती.

नकली कॅसेटसोबत पुस्तिका कुठून येणार? आम्ही निष्पाप मनाने प्रजा फोडत राहिलो, आणि आमचं काहीही अडलं नाही.

(दृश्य: मारिओचा पहिला पडदा.)

का अडलं नाही, ते या पडद्यावर बघा. मारिओ डावीकडे, उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे जायचं कुठे ते कळलं. समोरून एक रागीट चेहऱ्याचं तपकिरी मशरूम चालत येतं. उडी मारली नाहीत, की मेलात. दुसऱ्यांदा मारता. उडीच्या नादात डोकं प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यावर आपटतं, नाणं निघतं. पुढच्या ठोकळ्यातून आणखी एक मशरूम निघतं. ते उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटतं आणि वळून तुमच्याच दिशेने येतं. तुम्ही घाबरून उडी मारायला जाता, वर विटा आहेत, त्यांना थडकून खाली त्याच्यावरच पडता. आणि मोठे होता! आता कळलं, हे मशरूम चांगलं. एक अक्षर न वाचता. मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी हा पडदा मुद्दाम असा रचला होता.

तर वाद जुना आहे. गेममध्ये मोठं काय, खेळणं की गोष्ट? गेमप्ले की स्टोरी?

आपल्या अंगणात याचं उत्तर कधी कोणी मागितलं नाही. लगोरीला गोष्ट नाही. सात चपट्या दगडांची चवड, एक चेंडू. त्या लगोऱ्या कोणाच्या, कोणी रचल्या, का पाडायच्या, कोणी विचारत नाही. 'आईचं पत्र हरवलं'मध्ये मात्र गोष्ट आहे, एका ओळीची. पत्र हरवलंय आणि ते कोणाला तरी सापडलंय. पत्राच्या जागी रुमाल असतो, तो पाठीमागे पडला की पळायचं. आईने त्या पत्रात काय लिहिलं होतं? आजतागायत कोणाला माहीत नाही.

विद्वानांनी मात्र या प्रश्नावर बाह्या सरसावल्या. वादात सापडला बिचारा टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी तो लिहिला. ज्या संगणकावर लिहिला त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढलेले. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, तुम्ही रचता. ना राजकन्या, ना राक्षस. अमेरिकेतल्या प्राध्यापक जॅनेट मरे यांना १९९७ मध्ये त्यातही गोष्ट दिसली. अंगावर सतत कोसळणारी कामं आणि ती कशीबशी दिवसात बसवणारा अमेरिकन माणूस. यावर फिनलंडचे मार्कू एस्केलिनेन २००१ मध्ये असे काही भडकले की बोलायची सोय नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं: मी तुमच्याकडे चेंडू फेकला, तर तो खाली टाकून आता हा गोष्ट कधी सांगतोय, याची वाट बघत तुम्ही बसणार आहात का?

मला एस्केलिनेन पटतात. फक्त एक आहे. चेंडू स्वतः गोष्ट सांगत नाही हे खरं, पण तो शेजारच्यांच्या खिडकीवर गेला की गोष्ट सुरू होते.

(दृश्य: कॉन्ट्रा. धबधब्याचा टप्पा.)

कॉन्ट्रा, दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा गेम. निळ्या पँटचा दादा, लाल पँटचा मी. आम्ही कोणाला गोळ्या घालत होतो? कल्पना नाही. जपानमधल्या आवृत्तीत नकाशा होता, मधले प्रसंग होते. अमेरिकेत विकताना ते काढून टाकले. आमच्या कॅसेटमध्येही नव्हते.

पण तिसरा टप्पा आठवतो? धबधबा. उड्या मारत वर वर चढायचं. दोघांतला पुढचा चढला की पडदा त्याच्यासोबत वर सरकतो, आणि जो खाली राहिला तो पडद्याच्या खालच्या कडेत जाऊन मरतो. शत्रूची गोळी लागायची गरजच नाही. दादा भराभर चढायचा. मी ओरडायचो, "थांब ना रे!" तो म्हणायचा, "तू ये ना पटकन." आणि मी मेलेलो असायचो. हे कुठल्याही लेखकाने लिहिलेलं नाही. तरी कॉन्ट्राची गोष्ट सांग म्हणालात तर मी हीच सांगेन.

पुढे सायबर कॅफे आले. तासाला वीस रुपये, प्लायवूडचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात व्हाइस सिटी. २००२ चा गेम, रीतसर लिहिलेली गोष्ट. टॉमी व्हर्सेटी पंधरा वर्षं तुरुंगात काढून सुटतो, १९८६ साली व्हाइस सिटी नावाच्या शहरात येतो आणि पहिल्याच सौद्यात लुटला जातो. आम्हाला त्याचं काय? आम्ही 'पँझर' हा चीट कोड टाइप करायचो. आकाशातून रणगाडा पडायचा, मग पोलीस मागे. मिशन करून तरी काय उपयोग, सेव्ह केलेलं पुढचा मुलगा पुसून टाकणार. पलीकडच्या बेटावर जायचे पूल बंद असायचे. गेम सांगत होता की वादळ येतंय म्हणून पूल बंद आहेत, काही मिशन पार पाडा, मग उघडतील. आमची मात्र ठाम समजूत होती की कॅफेवाल्याने स्वस्तातली अर्धी सीडी आणलीय.

म्हणजे गोष्ट बिनकामाची? नाही म्हणणार. गोष्ट हातात आली नाही तर ती बिनकामाची. दोन लढायांच्या मध्ये आठ मिनिटांचा सिनेमा लावायचा, तेवढा वेळ रिमोट मांडीवर ठेवायचा, मग पुन्हा ठोकाठोकी. सिनेमात नायक हळवा आणि हसतमुख, आणि खेळताना त्याच नायकाने शेकड्याने माणसं मारलेली. गेम बनवणाऱ्यांनाही हे कळतं बरं का. २०१६ च्या 'अनचार्टेड ४' मध्ये हजार शत्रू मारले की एक ट्रॉफी मिळते. तिला त्यांनी नाव दिलंय 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स', म्हणजे खेळ आणि गोष्ट यांचा बेबनाव. कॅनडातले गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये तक्रार म्हणून वापरलेला हा शब्द. यांनी त्याचं बक्षीस केलं!

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी', २०२०. राजी ही डोंबाऱ्यांसारखे खेळ करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला असुर पळवून नेतात. तिची गोष्ट विष्णू आणि दुर्गा वरून बघत एकमेकांना सांगतात. राजवाडे राजस्थानी, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी रंगवलेले. मला त्यातल्या लढाया थोड्या वेळाने एकसुरी वाटल्या. पण राजी खांबावर चढून गिरकी घेते तेव्हा वाटतं, ही जत्रेत दोरीवर चाललेली पोर आहे. ते मला कोणी सांगितलं नाही, अंगठ्याला कळलं.

आणि आता तो गेम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. ज्यांना स्वतः खेळायचाय त्यांनी व्हिडिओ इथे थांबवा. खरंच थांबवा.

(दृश्य: 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'. दोन भाऊ बापाला हातगाडीवरून नेतायत.)

२०१३. स्वीडनचा स्टारब्रीझ स्टुडिओ, दिग्दर्शक जोसेफ फारेस. हा मूळचा सिनेमावाला. दोन भाऊ, बाप आजारी, औषध दूर. बोलतात ती भाषा मनाने बनवलेली, एक शब्द कळत नाही. रिमोट एकच, त्यावर चालवायच्या दोन काड्या. डावी काडी मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची. डावीकडचं मागचं बटण मोठ्याचं, उजवीकडचं धाकट्याचं. सुरुवातीला डोकं गरगरतं. पडद्यावर दोघांनी जागा बदलल्या की हाताला कळेनासं होतं कोण कुठला. तासाभराने सवय होते. डावा हात म्हणजे दादा.

धाकट्याची आई त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. त्याला पाण्याची भीती. नदी आली की तो मोठ्याच्या पाठीला घट्ट धरतो आणि तुम्ही डाव्या हाताने दोघांना पलीकडे नेता.

शेवटाकडे मोठा मरतो. त्याला पुरायचं कामही गेम तुमच्याकडूनच करून घेतो, उजव्या हाताने. डावा हात रिकामा पडलेला.

मग घराच्या वाटेवर पाणी आडवं येतं. पाऊस. धाकटा काठावर उभा. उजवं बटण दाबलं, तो मागे सरतो. पुन्हा दाबलं, तो थरथरतो.

यात न दिसणारी गोष्ट ही, की पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही. उपाय सिनेमात दाखवता आला नसता, पुस्तकात लिहिता आला नसता. सिनेमावाल्या माणसाने तो तुमच्या बोटात ठेवलाय.

(दृश्य: दोन हात, एक रिमोट.)

दादा आता बंगळुरूला असतो. एका दिवाळीत घरी आला तेव्हा मी त्याला हा गेम खेळायला बसवलं. चार तास, मध्ये एकदा फराळ. या काठाशी येऊन तो अडकला. उजवं बटण दाबत राहिला. "हँग झालंय बहुतेक," म्हणाला. "रिमोट बिघडलाय तुझा." मी काही बोललो नाही. फुंकर मारायला त्याने रिमोट तोंडाशीसुद्धा नेला.

मग त्याचं डावं बोट हललं. धाकटा पाण्यात उतरला.

दादा बराच वेळ गप्प पोहत राहिला. पलीकडच्या काठाला लागल्यावर त्याने रिमोट सतरंजीवर ठेवला, चष्मा काढला, पुसला.

"कॉन्ट्रा आहे का रे तुझ्याकडे?"