बाटली घरूनच आणा

[ओट्यावर हँडवॉशची रिकामी बाटली. हात पंप खोलतात.]

ही फिल्म बाथरूम आणि सिंकखालच्या प्लास्टिकची. सुरुवात हा हँडवॉशचा पंप. बाटली संपली की आपण पंपासकट फेकतो, आज जरा खोलून बघू. वरचं डोकं वेगळं, मधली नळी वेगळी, आत एक बारीक स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढी काचेची गोळी. ही गोळी म्हणजे वॉल्व्ह. पंप दाबला की गोळी खाली बसते, हँडवॉश बाटलीत परत जात नाही, तोंडातून बाहेर येतो, सोडला की स्प्रिंग वर उचलते, गोळी पण उचलली जाते आणि खालून नवीन माल वर चढतो. काही पंपांत गोळी स्टीलची असते. एवढी सगळी इंजिनिअरिंग कशासाठी, तर साबणाचं पाणी हातावर पडावं म्हणून, आणि त्या साबणाच्या पाण्यात पण बहुतेक पाणीच असतं.

[कबाडीवाल्याचा ठेला. बाटल्या वेगळ्या पडतात, पंप परत येतात.]

बाटलीच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. १ असेल तर पेट, २ असेल तर एचडीपीई, ही प्लास्टिकच्या प्रकारांची नावं. शॅम्पू, हँडवॉश, फिनाईलच्या बाटल्या जास्त करून ह्या दोनच प्रकारच्या आणि ह्या कबाडी घेतो, वजनावर घेतो. पंप घेत नाही. पंपात पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक, स्टील, काच सगळं एकमेकांत अडकलेलं, ते खोलायला किती वेळ लागतो ते तुम्ही आत्ता पाहिलंच (आम्ही तर फास्ट करून दाखवलं), तेवढ्या वेळाची मजुरी त्याला कोण देणार. भाऊ काय म्हणतात ऐका.

"बाटली द्या, पंप तुमच्याजवळच राहू द्या. आन् पुड्या तर दाखवूच नका, तिकडे कोणी घेऊन नाही राहिलं."

[जमिनीवर पेपर अंथरलेला. त्यावर शॅम्पूच्या पुड्या, टूथपेस्टची ट्यूब, ब्रश, घासणी, रिफिलचं पाऊच.]

हे सगळं नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका घरातलं, चार माणसांचं घर, बाथरूम आणि सिंकखालच्या कपाटातून निघालेलं. आता ही पुडी कापून बघा. बाहेर छापलेली फिल्म, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर, आत पॉलिथिन, ज्याच्यामुळे गरम दाबलं की पुडी सील होते. तीन थर एकमेकांना असे चिकटवलेले की हातानं सोडवता येत नाही आणि मशीनला ते परवडत नाही. टूथपेस्टच्या बऱ्याच ट्यूबचा मामला पण असाच. आधी टूथपेस्ट नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये यायची, मागून गुंडाळत आणायची, ती भंगारात जायची तरी.

पुडीचा जन्म मात्र वाईट हेतूनं झालेला नाही. तमिळनाडूच्या कडलूरचे चिन्नी कृष्णन, त्यांचं म्हणणं होतं की जे श्रीमंत वापरतो ते मजुरालाही परवडलं पाहिजे, म्हणून त्यांनी छोट्या पुडीचा नाद धरला. पुढे त्यांच्याच घरातल्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शॅम्पू आणला आणि पुडी गावागावात पोचली. बाटली विकत घ्यायचे पैसे ज्याच्याजवळ एकदम नसतात त्याच्यासाठी एक-दोन रुपयाची पुडी हीच सोय आहे, त्यामुळे पुडी वापरणाऱ्या बाईला शहाणपण शिकवायची ही फिल्म नाही. बिनकामाची तर ती मोठ्या फ्लॅटमध्ये येते, हॉटेलातून उचलून आणलेली, आणि ड्रॉवरमध्ये पडून राहते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनमध्ये दंड सुरू झाला, पहिल्या वेळेस पाच हजार. मग केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून, त्यात प्लास्टिक कांडीच्या इअरबड्स गेल्या, स्ट्रॉ, चमचे, प्लेटा गेल्या. केंद्राच्या नियमानं कॅरीबॅग आता १२० मायक्रॉन जाडीच्या खाली चालत नाही. शॅम्पूची पुडी ह्या यादीत नाही, बाटली नाही, पंपही नाही. त्यांच्यासाठी कंपन्यांवर जबाबदारी टाकलेली आहे, जेवढं प्लास्टिक बाजारात टाकलं त्याच्या हिशोबानं गोळा करून प्रोसेस करायची. म्हणजे बाथरूममध्ये जे आहे ते सगळं कायदेशीर आहे, आणि इथून पुढचं घरातच ठरतं.

[कळमना मार्केट. पहाट. संत्र्यांचे ढीग, लिलाव. आवाज तसाच ठेवायचा, पंधरा सेकंद निवेदन नाही.]

[बर्डीवरचा ज्यूसचा ठेला. सालीचा डबा भरत जातो.]

नागपुरात सालीला तोटा नाही. आंब्या बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास सुरू होतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ज्यूसवाल्याजवळ संध्याकाळपर्यंत पोतंभर साल जमते जी गाईसमोर नाहीतर कचऱ्याच्या गाडीत जाते. बेसा रोडच्या एका फ्लॅट स्कीममधल्या काकू ही साल मागून आणतात. ज्यूसवाला आता वेगळी पिशवी भरून ठेवतो, आधी त्याला वाटलं की काकू मुरंबा करतात.

ह्या सालीचं जे बनतं त्याला बायोएंझाइम म्हणतात. माप अगदी सोपं, एक भाग गूळ, तीन भाग साल, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साल, एक लिटर पाणी, आणि बाटली दोन लिटरची, कारण वर जागा मोकळी ठेवावी लागते. काकू साल आधी धुऊन घेतात, मग कात्रीनं बोटाएवढे तुकडे करतात, कारण बाटलीच्या तोंडातून ते आत तर गेले पाहिजे. गूळ पाण्यात विरघळवून घेतात. चिक्कीचा गूळ कशाला, काळसर साधा गूळ चालतो, उलट स्वस्त पडतो. सगळं आत टाकलं, झाकण लावलं, तारीख लिहून चिकटवली. तीन महिने लागतात.

[गॅलरीत बाटल्यांची रांग. झाकण फिरतं, फस्स असा आवाज.]

हा आवाज गॅसचा, कार्बन डायऑक्साइड. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण ढिलं करायचं आणि परत लावायचं, नाहीतर बाटली फुगून बसते. काकू हे सकाळी तुळशीला पाणी घालायच्या वेळेस करतात म्हणजे विसरत नाही. काचेच्या बरणीत हे करू नका, झाकण घट्ट राहिलं तर काच फुटते. म्हणूनच प्लास्टिक कमी करायच्या फिल्ममध्ये तुम्हाला कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्यांची रांग दिसून राहिली आहे. ह्यावर शूटिंगच्या वेळेस आमच्यात वाद झाला, कोणी म्हणे फ्रेममधून काढा. नाही काढल्या. ह्या बाटल्या काकूंकडे वर्षानुवर्षं फिरताहेत, तेच तर दाखवायचं आहे.

वर पांढरी साय धरली तर घाबरायचं नाही, ते यीस्ट आहे. काळं धरलं तर बिघडलं समजा. तीन महिन्यांनी वास आंबट होतो, व्हिनेगरसारखा पण संत्र्याचा, आणि रंग हा असा, तपकिरी. मग फडक्यातून गाळायचं.

[फडकं पिळणारे हात, जवळून.]

काम कसं करतं? आंबल्यामुळे त्यात अ‍ॅसिड तयार होतं, ते नळाच्या पाण्याचे पांढरे डाग सोडवतं. बोअरचं पाणी असलेल्या घरात नळाची तोटी कशी दिसते ते सांगायला नको. आणि सालीत तेल असतं, लिमोनीन, ते चिकटपणा काढतं. फरशी पुसायला बादलीभर पाण्यात दोन झाकणं पुरतात, सिंकला आणि टाइल्सला बिनपाण्याचं लावायचं, थोडा वेळ ठेवायचं. संगमरवर आणि कोटा फरशीवर मात्र बिनपाण्याचं लावू नका, दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड, अ‍ॅसिडनं त्यांची चकाकी जाते. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचसोबत कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस निघतो. बायोएंझाइम दवाखान्यातलं जंतुनाशक नाही, घरच्या साफसफाईचं आहे, तेवढ्यापुरतंच ठेवा. गाळून उरलेला चोथा काकू मिक्सरमधून काढतात आणि पितळेची भांडी घासतात, बघा ही समई अर्धी घासलेली.

भांड्यांसाठी रिठे. इतवारीत किराणा ओळीला गेलं की मिळतात, शिकेकाईच्या बाजूलाच पोतं असतं. बी काढायची, रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे, गाळायचे. फेस येतो, साबणाएवढा नाही येत, आणि ज्याला फेस दिसल्याशिवाय भांडं धुतल्यासारखं वाटत नाही त्याला काही दिवस जड जातं. फ्रिजमध्ये ठेवलं नाही तर हे पाणी लवकर आंबतं. काकू बायोएंझाइम मिसळून घेतात आणि हिरव्या प्लास्टिक घासणीच्या जागी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, जी त्यांच्याच कंपाउंडवरच्या वेलाची.

[बांबूचा टूथब्रश, पार्सलमधून बाहेर येताना.]

आता हे बघा, ऑनलाइन मागवलेला बांबूचा ब्रश, बबल रॅपमध्ये, त्यावर अजून एक पिशवी. ज्या विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू आहे आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे तिथे हा ब्रश कुठून कुठून फिरून येतो देव जाणे. दांडी मातीत जाते, केस नाही जात, ते बहुतेक ब्रशमध्ये नायलॉनचेच असतात, फेकताना पकडीनं उपटून काढावे लागतात. माझं विचाराल तर "इको" लिहिलेली नवीन वस्तू आणण्याआधी घरात जी बाटली आहे ती दुसऱ्यांदा भरून बघा. हँडवॉशच्या जागी साबणाची वडी ठेवली तरी पंपाचा विषयच संपतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर ही वेगळी फिल्म आहे, ती वेगळीच करावी लागेल.

[भांडेवाडी. नंतर नाग नदी, पुलावरून.]

पुडी भांडेवाडीला, शहराच्या कचरा डेपोत, नाहीतर नाल्यात. नाल्यातून नाग नदी, नागमधून कन्हान, तिथून वैनगंगा, गोसेखुर्द धरण.

[निळ्या कॅनची गाडी. फिनाईलवाला.]

आणि हे आमचे फिनाईलवाले भाऊ. फिनाईल, हँडवॉश, कपड्यांचं लिक्विड, सगळं खुल्लं. कॉन्सन्ट्रेट तपकिरी असतं, पाण्यात ओतलं की हे असं, बघता बघता पांढरं. (हा शॉट तीनदा घेतला, भाऊंनी तिन्ही वेळेस न कंटाळता ओतलं.) पाणी नागपूरचं, कॅन तीच, वर्षभर धुऊन वापरतात. तुम्ही बाटली न्यायची, ते नरसाळं लावून भरून देतात. लेबल नसतं, आत काय किती आहे ते भाऊंच्या शब्दावर, ही गोष्ट मला पण खटकते. आणि एक, फिनाईल कधी पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणू नका, लेकरं पिऊन टाकतात. फिनाईलचीच जुनी बाटली न्या, वर मोठ्या अक्षरात लिहा.

बाटली विसरणारे गिऱ्हाईक खूप. त्यावर भाऊंनी उपाय काढला. कबाड्याकडून धड झाकणाच्या बाटल्या ते विकत घेतात, धुतात, गाडीला टांगतात. सरकारनं २०१८ च्या अधिसूचनेत पाण्याच्या पेट बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या पैसे देऊन परत घ्यायची तरतूद केली होती, भाऊंनी ती वाचलेली नाही. स्कीमच्या गेटवर त्यांचा हिशोब असा चालतो.

"काकू, बाटली आणली का? नाही? मग बाटलीचे पाच रुपये वेगळे. पुढच्या वेळेस आणली का पाच वापस, झाकण असलं तरच पण, मागच्या वेळेस तुम्ही बिनझाकणाची आणली होती."