एकत्र राहता, पण कागदावर कुठे आहात?

नमस्कार श्रोतेहो.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना कायदा काय देतो आणि काय देत नाही, याबद्दल आज बोलायचं आहे. हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पण मॅडम, हे कायद्याने चालतं का?" चालतं. दोघं सज्ञान असतील, स्वखुशीने राहत असतील, तर तो गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. 2018 साली तर न्यायालयाने असंही सांगितलं, की मुलाला लग्नासाठी लागणारी 21 वर्षं पूर्ण झालेली नसली, तरी दोघं सज्ञान असतील तर त्यांना एकत्र राहता येतं. तेव्हा चौकीत बोलावून "लग्नाचा दाखला दाखवा" म्हणून कुणी दरडावलं, तर घाबरून घर सोडायचं काही कारण नाही.

आता एक वाक्य सांगते, ते तेवढं लक्षात ठेवा. राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकीचा हक्क वेगळा. कायदा जोडीदार बाईला घरात राहू देतो, मारहाणीपासून वाचवतो, खर्चाला पैसे मिळवून देतो. वारसा मात्र तिला देत नाही. जोडीदार गेला, तर वारसांच्या यादीत तिचं नाव नसतं. पुरुषाचंही नसतं.

राहण्याचा हक्क येतो तो कौटुंबिक हिंसाचार कायद्यातून. 2005 चा कायदा, आपण सगळे ज्याला "डीव्ही" म्हणतो तो. त्यात पत्नीबरोबरच "विवाहासारख्या नात्यात" राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण आहे. विवाहासारखं नातं म्हणजे कोणतं, हे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती टी. एस. ठाकूर यांनी 2010 च्या निकालात सांगितलं. दोघं लग्नाच्या वयाचे हवेत. दोघांना एकमेकांशी कायदेशीर लग्न करता आलं असतं असं हवं, म्हणजे कुणाचा पहिला नवरा किंवा पहिली बायको हयात आणि लग्न अजून टिकून, असं नको. बऱ्यापैकी मोठा काळ स्वखुशीने एका घरात राहिलेले हवेत. आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत. हे शेवटचं, चारचौघांत वावरण्याचं, फार महत्त्वाचं आहे. का, ते सांगण्यासाठी माझ्याकडे आलेली एक केस सांगते. नावं सांगणार नाही, बारीकसारीक तपशीलही थोडे बदलले आहेत.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, विधुर. काकू शाळेत शिक्षिका होत्या, विधवा. दोघांची ओळख वाचनालयात झाली. दोघांनाही उतारवयात सोबत हवी होती, पण लग्नाचं दोघांनाही अवघड वाटत होतं. काकूंना कौटुंबिक पेन्शनचं काय होईल अशी भीती, काकांना मुलं काय म्हणतील अशी. शेवटी लग्न नाही केलं. काकू काकांच्या फ्लॅटवर राहायला आल्या. धाकटा मुलगा तेव्हा घरातच होता, नोकरीसाठी बाहेर पडेपर्यंत तो काकूंच्याच हातचं जेवला. दारावर पाटी लागली, दोन नावं, दोन आडनावं. बारा-तेरा वर्षं गेली. इमारतीतली पोरं दोघांना काका-काकू म्हणत मोठी झाली.

मग काका गेले. अचानक, झोपेतच. दिवस होईपर्यंत दोन्ही मुलगे नीट वागले. चौदाव्या दिवशी थोरल्याने सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत तुमची सोय बघा." काकू दोन दिवस बहिणीकडे जाऊन आल्या, तर कुलूप बदललेलं. आणि दारावरची पाटी काढलेली. पाटीच्या जागी रंगाचा एक फिकट चौकोन आणि स्क्रूची चार भोकं.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती. आमच्या धंद्यात पिशवी घेऊन येणारा पक्षकार दिसला की मला हायसं वाटतं. लोक फोनमधले फोटो घेऊन येतात, "सगळं आहे मॅडम व्हॉट्सॲपवर" म्हणतात, आणि नेमका हवा तो कागद सापडत नाही. घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद एका फायलीत लावून ठेवावा आणि फाइल कुठे आहे हे घरातल्या दोघांनाही माहीत असावं, हे मी प्रत्येकाला सांगते, विचारलं नाही तरी सांगते. असो. पिशवीत काकांच्या डायऱ्या होत्या. काकांना रोजचा हिशोब लिहायची सवय. बारीक, रेघेवर बसवलेलं अक्षर. दूध, भाजी, औषधं, रिक्षा. आणि दर तिमाहीला एक नोंद: "मेंटेनन्स भरला. निम्मे हिने दिले." मालमत्ता कर: "निम्मे हिने दिले." टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी: "निम्मे हिने दिले." काकूंचं पासबुक उघडलं, तर त्याच तारखांना तेवढीच रक्कम काकांच्या खात्यात गेलेली.

आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे डीव्हीखाली अर्ज केला. आता कुणी म्हणेल, काका तर वारले, मग अर्ज कुणाविरुद्ध? या कायद्यात पुरुष जोडीदाराच्या नातेवाइकांविरुद्धही अर्ज करता येतो, तसं कलमातच लिहिलं आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये एका विधवेच्या प्रकरणात सांगितलं आहे, की अर्ज करण्याच्या दिवशी कौटुंबिक नातं चालू नसलं, तरी पूर्वी ते होतं एवढ्यावर राहण्याचा हक्क मागता येतो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी बाई घरी जाऊन आल्या. त्यांनी अहवालात दारावरच्या त्या फिकट चौकोनाचीही नोंद केली, फोटोसकट. इतक्या काळजीने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे एकेका वेळी किती तालुक्यांचं काम असतं, हे एकदा सरकारने मोजावं, असं मला मनापासून वाटतं. ही पदं भरली जायला हवीत.

मुलांच्या वकिलांचं म्हणणं काय? "ही बाई वडिलांची केअरटेकर होती. स्वयंपाक आणि औषधपाण्यासाठी ठेवलेली." तारखेला काकू माझ्या मागे बसल्या होत्या. हे वाक्य कानावर पडल्यावर त्यांनी पदर तोंडाशी धरला, ते मी आजही विसरलेले नाही. तेरा वर्षांच्या संसाराला कोर्टात केअरटेकर म्हणायचं!

मी डायऱ्या पुढे ठेवल्या. म्हटलं, पगारावर ठेवलेली बाई मालकाच्या फ्लॅटचा निम्मा मेंटेनन्स भरते का? निम्मा मालमत्ता कर भरते? आणि तिला पगार दिल्याची एक तरी नोंद या डायऱ्यांमध्ये दाखवा, जिथे पाच रुपयांची कोथिंबीरसुद्धा लिहिलेली आहे. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी प्रतिज्ञापत्र दिलं, दोन नावांची पाटी आपण वर्षानुवर्षं बघत आलो म्हणून. आणि मग पिशवीतला शेवटचा कागद. धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका. निमंत्रकांमध्ये काकांचं नाव, आणि त्याला लागूनच काकूंचं. पत्रिका साहेबांनी हातात घेतली, उलटसुलट केली आणि धाकट्याला विचारलं, "ही तुम्हीच वाटली ना?" तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

अंतरिम आदेश झाला. काकूंना घराबाहेर काढायचं नाही, नव्या कुलपाची किल्ली द्यायची. त्या संध्याकाळी किल्ली आणून दिली ती धाकट्यानेच. पुढे तडजोड झाली. काकू हयात असेपर्यंत त्या घरात राहतील, घर मुलांच्या नावावर होईल.

पुन्हा सांगते. काकूंना राहायला मिळालं, मालकी नाही मिळाली. राहण्याचा हक्क वेगळा, मालकीचा हक्क वेगळा. आणि हेही एवढ्यासाठी जमलं की दोघंही लग्नाला मोकळे होते. काका विवाहित असते आणि पत्नी हयात असती, तर माझी बाजू फार कमकुवत झाली असती. 2013 च्या एका गाजलेल्या निकालात हेच झालं. पुरुष विवाहित होता, बाईंना ते माहीत होतं, वर्षानुवर्षं एकत्र राहूनही डीव्हीखाली त्यांना काही मिळालं नाही. न्यायालयाने स्वतःच म्हटलं, की अशा स्त्रियांसाठी संसदेने कायद्याचा विचार करावा. तो अजून झालेला नाही, आणि व्हायला हवा. घरात राबलेल्या बाईला पन्नाशीनंतर रस्त्यावर आणणारा कायदा अपुरा आहे, असं मी म्हणेन.

काकांच्या डायरीत आणखी एक नोंद होती, ती मी अजून सांगितली नाही. दर दोन-चार महिन्यांनी, पानाच्या कडेला: "मृत्युपत्र. वकिलांना फोन." तो फोन राहून गेला. मृत्युपत्राला काय लागतं? साधा कागद चालतो. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण असावेत, आणि ज्याला मिळकत द्यायची तो साक्षीदार नसावा. स्वकष्टार्जित मालमत्ता या कागदाने जोडीदाराला देता येते. डायरीतली आठवण म्हणजे मृत्युपत्र नाही.

"पण मॅडम, नॉमिनी लावलंय की!" नॉमिनी म्हणजे मालक नाही. हे दोनदा सांगते, कारण घराघरांत हाच गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँकेने पैसे नॉमिनीच्या हातात दिले, तरी वारस त्यावर दावा सांगू शकतात. विम्यातही पैसे ठेवून घेण्याचा खास हक्क आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तरच आहे, जोडीदार त्यात येत नाही. पीएफमध्ये तर कुटुंब असेल तर नामांकन कुटुंबातल्याच माणसाचं लागतं. त्यामुळे नॉमिनी लावा, आणि मृत्युपत्रही करा. दोन्ही करा.

जिवंतपणी फ्लॅट बक्षीसपत्राने द्यायचा विचार असेल, तर आधी सल्ला घ्या. महाराष्ट्रात पती-पत्नी किंवा मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला नाममात्र मुद्रांक शुल्क लागतं, ती सवलत जोडीदाराला नाही. शिवाय आयकराच्या दृष्टीने जोडीदार नातेवाईक नाही. वर्षात 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली, तर घेणाऱ्याला कर लागतो. मृत्युपत्राने मिळालं तर लागत नाही.

भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारात दोघांची नावं घाला. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी बंधनकारक आहे, म्हणजे तारखेसकट सरकारी पुरावा आपोआप तयार होतो. आणि ते जे कुठेतरी नोटरीकडे बसून "लिव्ह-इन ॲग्रीमेंट" करतात, "आम्ही एकमेकांवर कुठलाही हक्क सांगणार नाही" वगैरे लिहून, त्यावर विसंबू नका. बाईचे डीव्हीखालचे हक्क अशा एका ओळीने पुसले जात नाहीत. उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची झाली आहे, महाराष्ट्रात तसा नियम नाही.

दवाखान्याचं एक सांगायलाच हवं. पेशंट बेशुद्ध असेल तर निर्णय कुणी घ्यायचा, यावरून आयसीयूच्या दारात भांडणं होतात आणि जोडीदाराला बाजूला सारलं जातं. यावर उपाय आहे. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. त्यात जोडीदाराचं नाव स्पष्ट लिहा.

मुलांचं थोडक्यात. आई-वडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला पोटगीचा हक्क आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम 125, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 144. दीर्घकाळ पती-पत्नीसारखं राहिलेल्यांचं लग्न झालंच होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, आणि जून 2022 मध्ये त्याच आधारावर मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेतही वाटा मिळाला. पण त्यासाठी कोर्टात वर्षं जातात. जन्मदाखल्यावर दोघांची नावं पहिल्या दिवसापासून नीट लावा.

डीव्हीखाली अर्ज फक्त स्त्रीला करता येतो. एकत्र राहणाऱ्या पुरुषाला, किंवा दोन पुरुषांच्या जोडप्याला, हा दरवाजा बंद आहे. त्यांच्यासाठी मृत्युपत्र, संयुक्त खातं आणि दवाखान्याचा कागद एवढाच आधार. समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. बँकेत कुणी नाही म्हटलं तर हे सांगा.

आणि घरातून काढलं जात असेल, मारहाण होत असेल, तर वाट बघत बसू नका. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. विधी सेवेची हेल्पलाइन 15100. जाताना आधारकार्ड, पासबुक, भाडेकरार, दवाखान्याचे कागद, जे हाताशी असेल ते घेऊन जा. कुलूप आधीच बदललं गेलं असेल तर दाराचा फोटो काढून ठेवा, तारखेसह.

नमस्कार.