अटलांटिक सिटीचा ‘ताजमहाल’ व्याजात कसा बुडाला?

नमस्कार मंडळी! कॅसिनोत शेवटी कॅसिनोच जिंकतो, हे आपण कायम ऐकत आलोय. मग बांधायला शंभर कोटी डॉलरहून जास्त लागलेला कॅसिनो पुढे फक्त 5 कोटींना कसा विकला गेला?

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात समुद्रकाठी अटलांटिक सिटी आहे. तिथे एप्रिल 1990 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचा ‘ट्रम्प ताजमहाल’ सुरू झाला. घुमट, मिनार, झुंबरं, सगळा थाट! पण पैसा उसना. 67.5 कोटी डॉलरचे रोखे (म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेलं कर्ज), त्यावर 14 टक्के व्याज. हिशोब करून बघा. वर्षाला जवळपास साडेनऊ कोटी, म्हणजे रोज अडीच लाख डॉलरच्या वर नुसतं व्याज. गिऱ्हाईक येवो न येवो. मुद्दल वेगळंच.

मार्व्हिन रॉफमन या विश्लेषकाने उद्घाटनाआधीच सांगितलं होतं की थंडीचे वारे सुटले की हे चालणार नाही. ट्रम्प यांनी कोर्टात खेचायची धमकी दिली आणि रॉफमनची नोकरी गेली. पण 1991 मध्ये ताजमहाल दिवाळखोरीत गेलाच. निम्मी मालकी रोखेधारकांकडे आली.

ट्रम्प यांच्याच दुसऱ्या कॅसिनोचं, ‘कॅसल’चं, ऐका. डिसेंबर 1990, व्याजाचा हप्ता भरायला पैसे कमी. वडील फ्रेड ट्रम्प यांचा वकील येतो, 33 लाख डॉलरहून जास्त किमतीच्या चिप्स, म्हणजे जुगारात पैशाऐवजी वापरायच्या चकत्या, घेतो आणि एकही डाव न खेळता निघून जातो. पैसे कॅसिनोच्या तिजोरीतच राहतात. हप्ता भरला जातो!

पुढे 2004, 2009, 2014. ताजमहाल चालवणारी कंपनी पुन्हा पुन्हा दिवाळखोरीत. त्यात 2006 पासून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो उघडले आणि तिकडचं गिऱ्हाईक तुटलं. 2016 मध्ये कर्ज देणारे कार्ल आयकान हेच मालक झाले.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. 2014 मध्ये कोर्टाच्या परवानगीने कामगारांचा आरोग्य विमा आणि पेन्शन काढून घेतली होती. तो विमा परत मिळावा म्हणून 1 जुलै 2016 ला स्वयंपाकी, वेटर, खोल्या आवरणाऱ्या बायका संपावर गेल्या. 10 ऑक्टोबरला कॅसिनोला टाळं लागलं. सुमारे 3000 जणांचा रोजगार गेला. रोखेधारकांना निदान बुडालेल्या पैशाच्या बदल्यात मालकी मिळाली होती. वर्षानुवर्षं चादरी बदलणाऱ्या बाईच्या हाती काय आलं?

2017 मध्ये ‘हार्ड रॉक’ने भागीदारांसह तो 5 कोटींना घेतला. ही कंपनी फ्लोरिडातल्या सेमिनोल या आदिवासी जमातीची. या जमातीच्या जुगाराच्या धंद्याची सुरुवात 1979 मध्ये एका बिंगो हॉलपासून झाली होती! त्यांनी डागडुजीवर भरपूर खर्च केला आणि जून 2018 मध्ये नव्या नावाने दारं उघडली. जुन्या कर्जाचं ओझं त्यांच्या डोक्यावर नव्हतं, हा मोठा फरक.

लास वेगासमध्ये आता वेगळाच प्रकार चाललाय. 2019 मध्ये ‘एमजीएम’ या कॅसिनो कंपनीने आपल्या बेलाजिओ या कॅसिनो-हॉटेलची इमारत ‘ब्लॅकस्टोन’ या गुंतवणूक कंपनीला 425 कोटी डॉलरना विकली आणि त्याच इमारतीत भाडेकरू म्हणून धंदा चालू ठेवला. सुरुवातीचं भाडं वर्षाला 24.5 कोटी! हे भाडं झेपतं कसं, ते पुढच्या व्हिडिओत आकड्यांसकट बघू.