मेक्सिकोचं जहाज आणि शेजारचा मका

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडचा मका बराचसा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. केनियात तो ताटात असतो. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेली उगाली नसेल, तर तिथे जेवण झालं असं कुणी मानत नाही.

केनियाच्या किटाले, एल्डोरेट भागातला शेतकरी संकरित बियाणं, डीएपी खत, ट्रॅक्टर, सगळं विकत घेतो आणि पीक मात्र वर्षातून एकदाच काढतो. पलीकडे युगांडात पाऊस दोनदा, पिकं दोन, खत जवळजवळ नाहीच, राबणारे हात घरचे. म्हणजे एकरी उतारा किटालेकडचा जास्त, पण स्वस्त पडतो युगांडाचा मका. शिवाय युगांडात बऱ्याच भागात मुख्य खाणं हिरव्या केळ्यांचं, मटोके. म्हणून मका केनियाला विकायला मोकळा.

आता 2017 ची गंमत ऐका. केनियात दुष्काळ पडलेला, त्यात लष्करी अळी. हो, तीच, जी पुढच्या वर्षी आपल्या मक्यावर उतरली. युगांडाचंही पीक मार खाल्लेलं. दोन किलो पिठाची पिशवी दीडशे शिलिंगांच्या वर गेली. ऑगस्टमध्ये निवडणूक. सरकारनं आयात शुल्क माफ केलं आणि मे महिन्यात मोम्बासा बंदरात मक्याचं जहाज हजर! सुमारे तीस हजार टन. कुठला मका? म्हणे मेक्सिकोचा. लोक म्हणाले, अहो, मेक्सिकोहून यायला महिना तरी लागतो, हे काय उडत आलं? मग खुलासा झाला: मका मेक्सिकोचाच, पण जहाजात भरला दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. चेष्टा काही थांबेना. शेवटी पीठ नव्वद शिलिंगांना मिळू लागलं, तेव्हा दुकानांत रांगा लागल्या.

मार्च 2021 मध्ये उलटं झालं. अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, सापडलं म्हणून केनियानं युगांडा आणि टांझानियाचा मका अडवला. आठवड्याभरात बंदी उठली, तपासणीच्या दाखल्याची अट राहिली. मका नीट वाळवला नाही तर बुरशी धरतेच, हे खरं. पण किटालेचा शेतकरी सुगीच्या दिवसांत सीमा बंद करा म्हणतो, आणि नैरोबीतली गृहिणी टंचाईच्या जूनमध्ये तीच सीमा उघडा म्हणते.