फेरीला वीस रुपये

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर आला की पुण्यात भल्या पहाटे पळणारी माणसं दिसायला लागतात. १९८३ पासून मॅरेथॉन बघतोय आपण, त्यामुळे त्याचं नवल राहिलेलं नाही. आज मी बोलणार आहे ते शाळेतल्या मुलांच्या धावण्याबद्दल. मदतीसाठीचं धावणं. नातेवाइकांनी फेरीमागे रक्कम कबूल करायची आणि मूल जितक्या फेऱ्या मारेल तितके पैसे द्यायचे. कॅनडात १९८० साली टेरी फॉक्स नावाचा तरुण एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, कर्करोगाच्या संशोधनासाठी. पुढच्याच वर्षापासून त्याच्या नावानं अशा दौडी सुरू झाल्या. आमच्या शाळेचा निधी कृत्रिम पायांसाठी होता.

दोनच गोष्टी सांगते. पैसे कुणाला जाणार ते आधी विचारा, आणि पावती घ्या. पुन्हा सांगते, पावती घ्या. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर देणगीवरची प्राप्तिकराची सूट मिळत नाही, हे माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं वाक्य. ते बँकेतून निवृत्त झालेत. आणि हो, त्या दिवसासाठी नवा टी-शर्ट छापायची काय गरज असते? अडीचशे रुपये एकाचे! तेच निधीत टाका की.

तर, सणस मैदान. समोर सारसबाग, कडाक्याची थंडी, आणि कठड्याला लागून आम्ही पालक, सगळ्यांचे मोबाइल वर. एक बाबा तर मुलाच्या शेजारून पळत सूचना देत होते. अहो, पळू द्या ना त्याला! अर्ध्या तासाची वेळ. चारशे मीटरची एक फेरी झाली की बाई मुलाच्या मनगटात एक रबरबँड घालायच्या. माझी सातवीतली मुलगी अकरा फेऱ्या पळाली, लालबुंद होऊन आली. दुसरीतला धाकटा मात्र सारसबागेत फिरायला आल्यासारखा मित्रांच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारत चालला होता. मी म्हटलं, सहा झाल्या तरी पुष्कळ.

घरी आल्यावर त्यानं आबांपुढे हात केला. सतरा रबरबँड!

आबांनी फेरीला वीस रुपये कबूल केले होते. त्यांनी चष्मा लावला, रबरबँड मोजले, परत मोजले. म्हणाले, "सतरा गुणिले चारशे म्हणजे सहा किलोमीटर आठशे मीटर. अर्ध्या तासात? तू?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. धर्मादाय कामात लबाडी! मी आवाज चढवणार, तेवढ्यात आबांनी हातानंच थांबवलं. "बाकीचे कुठून आणलेस?"

"मित्रांनी दिले," तो म्हणाला. "त्यांना फेरीला कुणीच पैसे देणार नव्हतं. त्यांचे फुकट गेले असते."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जुन्या डायरीचं पान फाडलं. "पोरं खरंच पळालीत ना? मग फेऱ्या खऱ्या आहेत. फक्त खातं चुकलंय." आणि एकेका मित्राचं नाव विचारून त्यापुढे फेऱ्या लिहिल्या. कुणाच्या तीन, कुणाच्या चार. याच्या स्वतःच्या सहा, मित्रांच्या दहा. सोळा फेऱ्यांचे तीनशेवीस रुपये पाकिटात घातले, पाकिटावर मित्रांची नावं लिहायला लावली, आणि वर बजावलं, "बाईंकडून पावती आण."

सतरावा रबरबँड याला मैदानात पडलेला सापडला होता. त्याला नाव नव्हतं, म्हणून त्याचे वीस रुपये काही आबांनी दिले नाहीत. याने पुष्कळ हुज्जत घातली.

तो सध्या आमच्या फ्रीजमध्ये कढीपत्त्याच्या पुडीला लावलेला आहे.