धावला किती, सरकला किती

नमस्कार श्रोतेहो. आज गतीविषयी बोलू, तीही फक्त सरळ रेषेतल्या.

पन्नास मीटर लांबीचा जलतरण तलाव डोळ्यांसमोर आणा. 100 मीटरच्या शर्यतीतली मुलगी समोरच्या भिंतीपर्यंत जाते, पायांनी भिंतीला रेटा देऊन वळते आणि निघाली होती त्याच भिंतीला येऊन हात लावते. समजा, जायला 28 सेकंद लागले, यायला 32. मिनिटात 100 मीटर अंतर, म्हणजे सरासरी चाल सेकंदाला सुमारे 1.67 मीटर. आणि विस्थापन? शून्य. विस्थापन एवढंच विचारतं, की निघालीस कुठून आणि पोहोचलीस कुठे, किती लांब, कोणत्या दिशेला. मधली दमछाक त्याच्या हिशेबात नाही. विस्थापनाला वेळेने भागलं की सरासरी वेग मिळतो, तेव्हा तोही शून्यच. गळ्यात पदक आणि सरासरी वेग शून्य! मला तर हा शुद्ध अन्याय वाटतो, पण व्याख्या म्हणजे व्याख्या.

मागे न फिरता एकाच दिशेने गेलं, तर भांडणच मिटतं. उसेन बोल्ट 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत धावला. सेकंदाला सरासरी 10.44 मीटर, चाल म्हणा किंवा दिशा जोडून वेग म्हणा, आकडा तोच. मधल्या टप्प्यात तो 12 च्याही वर होता, ते सरासरीत दिसत नाही.

खरी फसगत पुढे आहे. एक गाडी 120 किलोमीटर ताशी 60 ने जाते आणि ताशी 40 ने परत येते. सरासरी चाल? पटकन तोंडात 50 येतं. पण जाताना लागले 2 तास, येताना 3. 240 भागिले 5, उत्तर 48. गाडी संथ चालीत जास्त वेळ राहिली, म्हणून पारडं तिकडे झुकलं. बेरीज करून दोनने भागणं तेव्हाच खपतं, जेव्हा दोन्ही चालींच्या वाट्याला सारखा वेळ आलेला असतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. तीच गाडी जाताना ताशी 40 ने गेली. येताना किती पळवली, तर जाऊन-येऊन सरासरी ताशी 80 पडेल? 120 म्हणालात ना? मांडून बघा. 240 किलोमीटरला ताशी 80, म्हणजे एकूण 3 तास हवेत. ते तिन्ही तास जातानाच खर्ची पडले. परतीला एक सेकंदही उरलेला नाही, मग गाडी कितीही पळवा.